खूप वर्षांनी पुन्हा मोटारसायकल: परत यायचं, पण कोणत्या क्रमाने?

“सायकल आणि मोटारसायकल एकदा आली की विसरत नाही,” असं म्हणत लोक शोरूममधून गाडी काढतात आणि पहिल्याच रविवारी ताम्हिणीचा रस्ता धरतात. तोल विसरत नाही हे खरं. अडचण वेगळीच असते. मधली दहा-पंधरा वर्षं रिकामी गेलेली नसतात. त्या काळात तुम्ही अ‍ॅक्टिव्हा चालवली, कार चालवली, आणि हातापायांना नव्या सवयी लागल्या. अचानक कुत्रं आडवं आलं की आधी तीच सवय धावून येते.

स्कूटरवर डाव्या हातात ब्रेक असतो. मोटारसायकलवर त्याच हातात क्लच. घाबरून डावी मूठ आवळली की गाडी थांबत नाही, उलट इंजिनची पकड सुटून मोकळी पळते. परतणाऱ्यांकडून होणारी ही पहिली चूक. खालचे टप्पे तिच्याभोवतीच रचले आहेत. आठवड्याला दोन तास दिलेत तर सगळं व्हायला साधारण दोन महिने लागतील. टप्पे गाळू नका आणि क्रम बदलू नका.

टप्पा १: गाडीआधी अंग तपासा

चाळिशी ओलांडली असेल तर डोळ्यांपासून सुरुवात करा. मोतीबिंदूची सुरुवात असली तर दिवसा काही जाणवत नाही, पण रात्री समोरच्या दिव्याभोवती झगमग वर्तुळ दिसतं. चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर आणखी एक गोष्ट. त्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो, म्हणून नजर खाली टाकली की पुढचा खड्डा धूसर दिसतो. तेव्हा डोळे खाली न नेता मान किंचित खाली करायची सवय लावा, नाहीतर चालवण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या.

घरच्या घरी करायच्या तीन चाचण्या:

- एका पायावर ३० सेकंद उभं राहता येतं का? दोन्ही पायांवर करून बघा.
- खुर्चीत बसून, खांदे न हलवता, मान वळवून मागच्या कोपऱ्यातली वस्तू दिसते का?
- रबरी चेंडू डाव्या मुठीत ५० वेळा दाबल्यावर बोटं दुखतात का? शहरातल्या तासाभरात क्लच याहून जास्त वेळा दाबावा लागतो.

रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा सर्दीच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी आणि चक्कर यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी झोप येते आणि कारमध्ये ते लक्षातही येत नाही.

टप्पा २: कागद

लायसन्स काढून दोन गोष्टी बघा, मुदत आणि वाहनाचा वर्ग. पुष्कळांच्या लायसन्सवर कार आणि बिनगिअरची दुचाकी एवढंच असतं, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येत नाही. गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग नसेल तर तो आधी जोडून घ्या. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी वर्षभर ते संपल्यानंतर वर्षभर करता येतो. वर्ष उलटून गेलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांच्या सहीचं वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागतं. सगळे अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर होतात.

गाडी जुनी असेल तर नोंदणीची तारीखही बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यायची आहे. पीयूसी काढा. थर्ड पार्टी विमा तर हवाच, त्याबरोबर चालक-मालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का तेही पॉलिसीत बघा.

> सावधान: लायसन्स बाद असताना “फक्त कॉलनीत” म्हणून चालवू नका. दंड ५ हजारांचा आहे, पण खरी गोची विम्याची होते. वैध लायसन्स नसेल तर अपघात संरक्षणाचा दावा फेटाळला जातो. परदेशातून सुट्टीला येऊन भावाची बाईक घेणाऱ्यांनीही आपल्या परवान्यावर मोटारसायकलचा वर्ग आहे का ते आधी बघावं.

टप्पा ३: गाडी निवडा, किंवा जुनी उठवा

नवी घेणार असाल तर मनातली गाडी आणि परतण्याची गाडी या दोन वेगळ्या असू द्या. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची आहे, क्लासिक ३५० ही १९५ किलोची. मधल्या ८३ किलोंचा भार चालत्या गाडीवर कळत नाही, पार्किंगच्या उतारावर गाडी मागे घेताना कळतो. पहिले दोन महिने १०० ते १५० सीसीची गाडी उसनी मिळाली तर सोनंच. शोरूममध्ये बसून बघताना एकच कसोटी लावा: दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि निदान एक पूर्ण तळवा. नुसत्या बोटांवर उभं राहणं परतणाऱ्याचं काम नाही.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक फिरायचं थांबून घसरू न देणारी यंत्रणा) असतं, १२५ पर्यंतच्यांना बहुधा सीबीएस. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आपल्या गाडीत काय आहे ते टप्पा ७ च्या आधी माहीत करून घ्या.

जुनी गाडी शेडमधून बाहेर काढताना सगळेच एक चूक करतात. आधी किक मारतात. इंजिनचा आवाज आला की घरातले टाळ्या वाजवतात आणि गाडी ब्रेकशिवायच गल्लीत निघते. गॅरेजवाल्याला हा क्रम लिहून द्या:

1. टायर. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांवरचं रबर कडक झालेलं असतं, ते बदलाच. ट्यूबही नवी घाला.
2. ब्रेक. ड्रम असेल तर उघडून लायनर बघा, डिस्क असेल तर ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून चालत्या गाडीतही दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.
3. केबल. क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकच्या. आतून गंजलेली केबल हात लावताना सुरळीत वाटते आणि भर चौकात तुटते.
4. चेन, शॉकअप, बेअरिंग. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओला पट्टा दिसला तर सील गेलंय.
5. इंजिन, सगळ्यात शेवटी. जुनं पेट्रोल पूर्ण काढा, टाकीत गंज आहे का बघा, कार्ब्युरेटर साफ करा, ऑइल बदला, नवा प्लग लावा. मगच किक.

> तपासा: पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का? मागचा दाबल्यावर? जुन्या गाड्यांत या दोन्हींपैकी एक स्विच हमखास मेलेला असतो.

टप्पा ४: हेल्मेट आणि अंगावरचं

माळ्यावरचं हेल्मेट फेकून द्या. आतलं थर्माकोल वर्षांनुवर्षं कडक होत जातं आणि एकदा पडलेलं हेल्मेट आतून गेलेलं असलं तरी बाहेरून ओरखडाही दिसत नाही. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून पूर्ण चेहरा झाकणारं घ्या. दुकानात पट्टा बांधून हेल्मेट डावी-उजवीकडे हलवा. त्याबरोबर गालाची कातडी ओढली गेली पाहिजे. मग मागून पुढे ढकला. निघून आलं तर एक साइज लहान घ्या. काळी काच रात्री कामाची नाही.

हातमोजे, घोटा झाकणारे बूट, जाड पँट. चप्पल घालून गिअर टाकता येतो, घसरल्यावर पाय वाचत नाही.

टप्पा ५: इंजिन बंद ठेवून

हा टप्पा लोक हसून सोडून देतात. मीही सोडला होता. चौदा वर्षांनी गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ताशी पाचच्या वेगात, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे आडवी, मी तिच्याखाली, आणि वरच्या गॅलरीतून “लागलं का हो?” ही चौकशी. इंजिन बंद ठेवून दोन संध्याकाळी घालवल्या असत्या तर हे घडलं नसतं.

गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा आणि पार्किंगमध्ये ढकलत फिरवा. पुढे, मागे, वळवून. सेंटर स्टँडवर दहा वेळा चढवा-उतरवा. हाताने जोर लावू नका, स्टँडवर पूर्ण वजन देऊन उभं राहा. साइड स्टँड वर घेतल्याशिवाय हलायचं नाही हे पायात बसू द्या.

मग सेंटर स्टँडवर गाडीवर बसा, डोळे मिटा, आणि मुलाला किंवा शेजाऱ्याला समोर उभं करा. त्याने मध्येच “थांब!” म्हणायचं. तुम्ही उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर एकदम आणायचा. डावा हात गप्प. ५० वेळा. पहिल्या दहात किती वेळा डावी मूठ आवळली गेली ते त्याला मोजायला सांगा, म्हणजे मी का इतका मागे लागलोय ते कळेल.

जुन्या बुलेटवाल्यांनी हा व्यायाम दुप्पट करावा. कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात होता. आजच्या गाडीवर नेमकं उलट. स्प्लेंडरवरून येणाऱ्यांचा घोळ वेगळा. तिथे सगळे गिअर पुढच्या बाजूला दाबून पडतात, आणि इतर बहुतेक गाड्यांत पहिला खाली, बाकीचे वर उचलून. तिसऱ्यातून चौथा टाकायला गेलात आणि सवयीने दाबलं, तर दुसरा पडेल आणि मागचं चाक धरलं जाईल, म्हणजे फिरायचं थांबून घसरेल.

टप्पा ६: मोकळी जागा, पहिला गिअर

मातीचं किंवा मुरमाचं मैदान नको, तिथे चाक घसरतं आणि चूक तुमची की जमिनीची ते कळत नाही. डांबरी किंवा काँक्रीटची सपाट जागा शोधा. मुहूर्त नसलेल्या दिवशी मंगल कार्यालयाचं पार्किंग उत्तम, वॉचमनला विचारून. सकाळी लवकर, क्रिकेटवाली पोरं यायच्या आत. एका वेळी २० मिनिटं, मग विश्रांती. दमल्यावर केलेला सराव चुकांचाच होतो.

1. क्लच कुठे पकडतो. पहिला गिअर टाका, दोन्ही पाय खाली, अ‍ॅक्सिलरेटरला हात नाही. क्लच हळूहळू सोडा, गाडी वीतभर पुढे सरकली की पुन्हा दाबा. २० वेळा.
2. सरळ चालणं आणि थांबणं. थांबताना डावा पाय आधी खाली, उजवा ब्रेकवर. अ‍ॅक्टिव्हाची सवय इथे पुन्हा आडवी येते. तिथे गिअर नसल्याने मोटारसायकलवरही लोक चौथ्यातच थांबतात आणि सिग्नल सुटल्यावर गाडी बंद पडते. थांबताथांबता खाली पहिल्यापर्यंत या.
3. मुंगीच्या पावलांनी. क्लच अर्धा धरून, मागचा ब्रेक किंचित दाबून, चालणाऱ्या माणसाच्या वेगात २० मीटर जा. पाय खाली टेकायचे नाहीत. सगळ्यात अवघड हेच, आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये सगळ्यात जास्त लागतं तेही हेच.
4. आठ. आरटीओतला आठ आठवतोय ना? तोच, दोन विटा ठेवून. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचंय तिथे मान वळवा. विटेकडे बघितलंत तर गाडी विटेवरच जाईल.
5. चढावर थांबून निघणं. उजव्या पायाने मागचा ब्रेक धरून ठेवा, डावा पाय जमिनीवर. क्लच पकडला की मग ब्रेक सोडा.

> सावधान: हँडल वळलेलं असताना संथ वेगात पुढच्या ब्रेकला हात नाही. फक्त मागचा. माझं पार्किंग आठवा.

> तपासा: दोन्ही बाजूंचा यू-टर्न पाय न टेकता, ओळीने पाच वेळा जमला का? बहुतेकांचा एका बाजूला जमतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो. जमेपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ७: ब्रेक

एक पूर्ण सकाळ फक्त याच्यासाठी ठेवा. शक्यतो दोन.

“पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते” हे आपल्याला कुठल्या तरी काकांनी लहानपणी सांगितलेलं असतं आणि ते डोक्यातून जात नाही. प्रत्यक्षात ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, आणि नुसता मागचा दाबणारा माणूस चाक धरून घसरत जातो. काकांच्या म्हणण्यात तथ्य एवढंच की वजन पुढे यायच्या आत ब्रेक झटक्याने आवळला तर पुढचं चाक जागीच धरलं जातं. लिंबू पिळताना हात जसा घट्ट होत जातो तसा ब्रेक दाबायचा. आधी लिव्हरचा ढिलेपणा संपवा, मग जोर वाढवत न्या. मागचा बरोबरीने, पण हलका. क्लच अगदी शेवटी, गाडी थांबता थांबता.

खडूने रेघ मारा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० ने या, रेघेवर ब्रेक सुरू करा, थांबलात तिथे खूण करा. दहा वेळा. दहाच्या दहा खुणा जवळजवळ आल्या की ३०, मग ४०. अंतर कमी करायच्या मागे आताच लागू नका, आधी ते दर वेळी सारखं येऊ द्या.

४० च्या वेगात माणूस एका सेकंदात ११ मीटर पुढे जातो, आणि धोका दिसल्यापासून बोटं लिव्हरवर यायला सेकंदभर तरी लागतो. मध्यम जोराचा ब्रेक धरला तर थांबायला आणखी १२ मीटर. म्हणजे २३ मीटर, जवळपास दोन एसटी गाड्या. ६० ला हेच अंतर ४५ मीटरच्या आसपास जातं, चार एसट्या. वेग दीडपट, अंतर दुप्पट. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून चालायची कारची सवय इथे महागात पडते.

चाक धरलं गेलं तर काय? पुढचं असेल तर ब्रेक तत्काळ सोडा आणि पुन्हा हळू दाबा. मागचं असेल तर हँडल सरळ ठेवा आणि पायाचा जोर कमी करा. एबीएस असेल तर लिव्हरमध्ये थरथर जाणवेल. ती बिघाड नाही, दाबून धरा. काही गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, त्यांचं मागचं चाक घसरू शकतं.

> तपासा: मित्राला बाजूला उभं करा. ३० च्या वेगात येताना त्याने कधीही हात वर करायचा. दहापैकी दहा वेळा डावा हात गप्प राहून उजवा हात-पाय बरोबर चालले तरच रस्त्यावर जायचं. नऊ वेळा जमलं, तर पुढच्या रविवारी पुन्हा इथेच.

टप्पा ८: रस्ता, हप्त्याहप्त्याने

घराभोवतीचा पाच किलोमीटरचा एकच फेरा ठरवा. आधी रविवारी सकाळी साडेसहाला. मग आठवड्यातल्या एखाद्या दुपारी. मग संध्याकाळच्या गर्दीत. त्यानंतर रात्री, आणि पाऊस सगळ्यात शेवटी. रस्ता ओळखीचा असला की नवं काय आलंय ते लगेच कळतं.

कारमधून येणाऱ्यांच्या चार सवयी पहिल्याच दिवशी उघड्या पडतात:

- वळल्यावर कारचा इंडिकेटर आपोआप बंद होतो, मोटारसायकलचा होत नाही. तुम्ही सरळ जाताय आणि दिवा उजवीकडे लुकलुकतोय, म्हणून समोरचा आडवा घुसतो. वळण संपलं की अंगठा स्विचवर.
- कारमध्ये आरशावर भागतं. इथे बाजू बदलण्याआधी खांद्यावरून एकदा मागे बघा.
- कारवाला रस्त्याचा पृष्ठभाग बघत नाही. तुम्हाला बघावाच लागेल: वळणावरची वाळू, ओला झेब्रा पट्टा, मॅनहोलचं झाकण, टँकरने सांडलेलं पाणी, पेव्हर ब्लॉकची कड.
- बसच्या डाव्या अंगाने पुढे सरकण्याचा मोह. ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

रिक्षाचा इंडिकेटर बघू नका, पुढचं चाक बघा. ते वळलं की रिक्षा वळली, मग हात बाहेर येवो न येवो.

> सावधान: जूनमधल्या पहिल्या सरीत बाहेर पडू नका. महिनोन्महिने रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगतं आणि डांबर साबणासारखं होतं. चांगला तासभर जोरदार पाऊस होऊन रस्ता धुतला गेला की मग बघा.

टप्पा ९: मागे माणूस, मग महामार्ग, मग घाट

घरच्यांना आधी बसवू नका, त्या धास्तीने दोघेही अवघडतात. पहिला पिलियन, म्हणजे मागे बसणारा, मोटारसायकलची सवय असलेला मित्र असावा. टायरमधली हवा दोन माणसांसाठी चेन कव्हरवर किंवा पुस्तिकेत दिली आहे तेवढी भरा, मागच्यालाही हेल्मेट द्या, आणि ब्रेकचा सराव त्याला बसवून २० च्या वेगात पुन्हा करा. मागचं वजन वाढलं की मागचा ब्रेक जास्त कामाचा होतो आणि संथ वळणं जड जातात.

महामार्गावर पहिल्या दिवशी ३०-४० किलोमीटर पुरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकीला बंद आहेत, तेव्हा जुन्या महामार्गासारखा रस्ता घ्या. ट्रकला ओलांडताना वारा आधी अडतो आणि ट्रकच्या तोंडाशी पोचलात की एकदम बाजूने धक्का देतो. तो येणार हे माहीत असलं की हँडल आवळलं जात नाही.

घाट सगळ्यात शेवटी, कोरड्या दिवशी. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. आपल्या बाजूच्या मध्याच्याही थोडं डावीकडे राहा, कारण वरून येणारी बस वळणावर तुमच्या बाजूत येणारच आहे. उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची जुनी खोड असेल तर ती इथे आठवणीने मोडा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे अर्धं काम इंजिन करेल. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. जळका वास आला किंवा लिव्हर मऊ लागायला लागली तर मोकळी जागा बघून थांबा आणि अर्धा तास गाडीला हात लावू नका. चाकावर पाणी ओतू नका.